जुनी पद्मिनी इंजेक्शनवर घेताना पंप कुठं बसवायचा: टाकीत, टाकीखाली की वेगळ्या भांड्यात?

पद्मिनी_जालना
राम राम मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, आमच्या अण्णांनी घेतलेली. इंजिन मूळचंच १०८९ सीसी, नंबरही तोच. बोअरिंग करून नवे पिस्टन टाकलेत, इंजिन घट्ट आहे. कार्बोरेटर काढून त्या जागी दोन इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांची) थ्रॉटल बॉडी बसवायलोय. इंजेक्टर ३ बार दाबावर चालणारे आहेत, ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा छोटा संगणक) स्पीडुइनो. मॅनिफोल्डवरचा अ‍ॅडॉप्टर वाळूजला मिलिंग करून घेतला, लॅम्ब्डा सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बुशी सायलेन्सरच्या पाइपला वेल्ड झाली.

अडलंय ते पेट्रोलवर. इंजिनवरचा एसी पंप (इंजिनच्या फिरण्यावर चालणारा मूळ पेट्रोल पंप) ३ बार काही देणार नाही, म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला. आता तीन जण तीन गोष्टी सांगायलेत. एक म्हणतो टाकी कापून पंप आत टाक. दुसरा म्हणतो टाकीखाली बाहेरून लाव. तिसरा म्हणतो छोटं वेगळं भांडं कर, दोन पंप लाव. गाडी शोपीस नाही. जालना ते संभाजीनगर नेहमीचं जाणं आहे, वर्षातून काही वेळा कन्नडच्या घाटानं चाळीसगावकडं उतरायचं, अन् हे सगळं मे महिन्यातही. ज्यांनी केलंय त्यांनी कारणासकट सांगा.

मेस्त्री_लातूर
दादा, पद्मिनी अन् अ‍ॅम्बेसेडरवर आयुष्य गेलं माझं. उन्हाळ्यात या गाड्या कामून बंद पडतात ते आधी बघा, मग पंपाची जागा आपोआप ठरती. एसी पंप इंजिनच्या ब्लॉकला चिकटलेला. तो लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो अन् वरून ब्लॉकची धग. पेट्रोलची वाफ होती, पंप नुसता वाफेवर फडफडतो, गाडी मिसिंग करून थांबती. मग ओलं फडकं पंपावर टाकायचं अन् सावलीत उभं राहायचं. तुळजापूरच्या रस्त्यावर अशा गाड्या रांगेनं उभ्या बघितल्यात.

मी म्हणतो टाकीखाली बाहेरचा इनलाइन पंप लावा. रस्त्यात गेला तर दोन क्लिपा अन् दोन वायरी, अर्ध्या तासात नवा बसतो. टाकीतला पंप गेला तर भर रस्त्यात टाकी कोण उघडणार?

टूलरूम_वाळूज
मेस्त्रींनी आजाराचं निदान अगदी बरोबर केलं. त्याच निदानावरून मी वेगळ्या औषधाला पोचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्बोरेटरला पाव-अर्धा बार पुरतो. त्याच्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल साठलेलं असतं, त्यामुळं पंपानं क्षणभर हवा ओढली तरी इंजिनला कळत नाही. इंजेक्शनमध्ये ही वाटीच नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो ते समोर ठरलेला दाब आहे असं धरून. पंपात एक बुडबुडा गेला की दाब पडतो, मिश्रण पातळ होतं अन् गाडी धक्का खाते. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं, पाइपचं तोंड उघडं पडलं, की लगेच. कन्नडच्या घाटात पाव टाकीवर हे हमखास होणार. म्हणून पंप कुठं बसवायचा यापेक्षा पंपाच्या तोंडाशी कायम पेट्रोल कसं राहील, हा प्रश्न मोठा आहे.

दुसरी गोष्ट, इलेक्ट्रिक इंजेक्शन पंप ढकलायला पहिलवान असतो, ओढायला दुबळा. बाहेरचा पंप लावायचाच तर तो टाकीच्या तळाच्याही खाली हवा, म्हणजे पेट्रोल वजनानं त्याच्यात उतरेल. पद्मिनीच्या मूळ टाकीत उचलण्याची नळी वरून आत जाते. तिच्यावरच पंप जोडला तर पंपाला पुन्हा ओढावंच लागतं, म्हणजे मेस्त्रींनी सांगितलेला जुना आजार नव्या पंपाला लागला. साधं पेट्रोल ३५-४० अंशांपासूनच उकळायला सुरुवात करतं, अन् मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच ४२. रस्त्याच्या डांबरावरची धग तर पंपाच्या पोटाला थेट लागते. ओढणाऱ्या बाजूला दाब थोडाही कमी झाला की तिथंच वाफ.

पंप टाकीत बुडवला की ओढणं संपलं. टाकीपासून पुढची सगळी नळी ३ बार दाबाखाली, अन् दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. पंपाला भोवतीचं पेट्रोल थंड ठेवतं, आवाजही कमी. माझं मत टाकीतल्या पंपाला, पण भोवती छोटी वाटी असलेल्या. मारुती ८०० किंवा ऑल्टोच्या एमपीएफआय (इंजेक्शनच्या) इंजिनाचं पंपाचं मॉड्यूल, म्हणजे तयार जोडणी, बघा. त्यात प्लास्टिकची वाटी येतेच, खाली जाळी असते, अन् ते इंजिनही साधारण तुमच्याच ताकदीचं आहे. मेस्त्रींच्या रस्त्यातल्या अडचणीवर उत्तर असं की हे मॉड्यूल तालुक्याच्या गावातही मिळतं. टाकीच्या वरच्या पत्र्याला नीट झाकण केलं अन् वर हात पोचेल एवढी जागा ठेवली, तर टाकी न उतरवता पंप बदलता येतो.

नांदेडकर_कॉन्टेसा
तिसऱ्या पर्यायावर मी बोलतो, माझ्या १.८ कॉन्टेसात तोच आहे. मूळ टाकीला हात लावला नाही. कमी दाबाचा एक पंप टाकीतून पेट्रोल दीड लिटरच्या भांड्यात आणतो. भांड्याच्या तळातून दुसरा पंप ३ बारवर इंजिनला देतो. रेग्युलेटरचं (दाब ठरलेला ठेवून जादा पेट्रोल मागं सोडणारा) परतीचं पेट्रोल भांड्यात, अन् भांडं भरून वाहिलं की वरच्या तोंडातून टाकीत. घाट असो की खड्डे, दाबाचा काटा हलत नाही. तेवढं काम हे भांडं चोख करतं.

पण खरं सांगायचं तर रोजच्या गाडीला हे जास्तीचं आहे. पंप दोन, फिल्टर दोन, जोड किती ते मोजत बसावं लागतं अन् प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जागा. ज्या गॅरेजनं काम केलं त्यांनी आधी भांडं बोनेटखाली बसवलं होतं. रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा त्याच्यावर, परतीचं गरम पेट्रोल पुन्हा त्याच दीड लिटरमध्ये. एप्रिलमध्ये हात लावला तर चटका बसायचा अन् आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन वर-खाली व्हायचं. भांडं मागं नेल्यावर ते थांबलं. पण डिकीत नेलं तर मधे पत्र्याची बंद पेटी अन् बाहेर वाफ काढायची नळी लागतेच, नाहीतर पोरं मागच्या सीटवर वासानं हैराण होतात.

टाकी कापायची नसेल, किंवा टाकी इतकी उथळ असेल की मॉड्यूल मावतच नाही, तरच हा मार्ग घ्या.

पद्मिनी_जालना
सगळ्यांचे आभार. आता पंपाच्या मापाचं बोला. ऑनलाइन सगळीकडं तासाला २५५ लिटरवाला पंप दाखवायलेत, "कुठल्याही गाडीला चालतो" म्हणून. दुसरीकडं आमच्या गल्लीतला एक पोरगा म्हणतो बीएस-६ मोटारसायकलचा पंप टाका, स्वस्तात काम. कुठलं खरं?

टूलरूम_वाळूज
दोन्ही नको. हिशेब करा.

पूर्ण ताकदीवर इंजिनला दर हॉर्सपॉवरमागं तासाला साधारण २२५-२३० ग्रॅम पेट्रोल लागतं. तुमचं इंजिन ४० च्या आसपास. म्हणजे तासाला ९ किलो, लिटरमध्ये १२ च्या जवळ. आता पंपावर मिळतं ते ई२०. शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिसळलं की सरासरी १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ८ टक्के जास्त इंधन. धरा तासाला १३ लिटर. जुना पंप, कमी व्होल्टेज, तुंबत चाललेला फिल्टर यांच्यासाठी दुप्पट ठेवलं तरी २६ लिटर झाले.

२५५ लिटरचा पंप लावला तर तासाला २४० लिटर पेट्रोल विनाकारण इंजिनपर्यंत जाऊन गरम होऊन टाकीत परत येणार. करंट जास्त खाणार. अन् परतीची नळी बारीक असेल तर ते मागं तुंबून दाब ३ च्या वर चढणार, रेग्युलेटर काही करू शकणार नाही. थंड देशात शर्यतीच्या गाडीला ठीक आहे. आपल्याकडं मे महिन्यात पाव टाकी पेट्रोल तासभर असं घुसळलं तर टाकीच तापेल.

मोटारसायकलचा पंप कागदावर कदाचित पुरेलही, पण तो एका सिलिंडरच्या इंजिनसाठी असतो. मोजल्याशिवाय घेऊ नका. मोजायची रीत सोपी. पंप, फिल्टर, रेग्युलेटर गाडीत बसतील तसेच जोडा, दाबाचा गेज लावा, पंपाच्या टर्मिनलवर साडेतेरा व्होल्ट येतात का बघा. रेग्युलेटरच्या परतीची नळी मोजपात्रात सोडा अन् घड्याळ लावून अर्धा मिनिट चालवा. जेवढे मिलीलिटर आले त्याला १२० नं गुणा, हजारानं भागा, तासाचे लिटर मिळाले. ५०० मिली आलं तर ६० लिटर, तुम्हाला ते बक्कळ. हीच चाचणी १२ व्होल्टवर पुन्हा करा. फरक बघून वायरिंगचं महत्त्व आपोआप पटेल. हे काम उघड्यावर, आसपास विडी-सिगारेट नाही, अन् अग्निशामक हाताशी.

इंजेक्टरही याच हिशेबात तपासून घ्या. १३ लिटर दोघांत वाटले तर एकाला मिनिटाला १०८ मिली. ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणजे १३५-१४० मिलीचा इंजेक्टर हवा. याहून फार मोठा घेतला तर आयडल सांभाळता येत नाही.

परभणी_वायरिंग
वायरिंगचं नाव निघालं म्हणून लिहितो. आधी सांगा, गाडीत डायनामो आहे की अल्टरनेटर? डायनामो असेल तर पंपाची चर्चा बाजूला ठेवा अन् आधी अल्टरनेटर बसवा. डायनामो आयडलला जवळजवळ काही देत नाही. पंप, इंजेक्टर, ईसीयू, लॅम्ब्डाचा हीटर अन् रात्री दिवे, सगळं बॅटरीवर आलं की सिग्नलला थांबल्या थांबल्या व्होल्टेज पडतं अन् पेट्रोलचा दाब त्याच्यामागं.

पंपाला बॅटरीपासून वेगळी वायर, अडीच चौरस मिमी, सुरुवातीलाच फ्यूज. रिले ईसीयूच्या ताब्यात द्या. चावी फिरवली की दोन सेकंद पंप चालून थांबेल, अन् इंजिन फिरतंय असा सिग्नल असेल तरच पुढं चालेल. अपघात झाला, इंजिन थांबलं, की पंपही थांबला पाहिजे. डॅशबोर्डवर बटण लावून पंप थेट चालवणारे आहेत, कृपा करून ते करू नका. नळी तुटलेल्या गाडीवर ३ बारनं पेट्रोल उडत राहिलं तर आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. शिवाय धक्का बसला की सर्किट तोडणारा इनर्शिया स्विच जुन्या परदेशी बनावटीच्या गाड्यांतून मिळतो, तोही रिलेच्या वायरीत टाका.

बीडची_फियाट
माझी १९७३ ची गाडी आहे, मी ती कार्बोरेटरवरच ठेवली, त्याचं कारण कायदा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली, नंबरात व्हीए अक्षरं येतात, १० वर्षांची फी २० हजार. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. शिवाय त्या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही. दादांची १९८६ ची, तिला अजून वेळ आहे. पण पुढं व्हिंटेज करायचा विचार असेल तर काढलेला कार्बोरेटर, एसी पंप, मूळ टाकी, एकही वस्तू भंगारात देऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सगळ्यांनाच लागू आहे. आरसीवरच्या तपशिलाशी किंवा कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलंय. इंजिन तेच ठेवलं हे चांगलंच केलं. तरी टाकीला हात लावायच्या आधी आरटीओत लेखी विचारा अन् विमा कंपनीलाही कळवा. आगीच्या दाव्यात पहिला प्रश्न इंधनाच्या नळीवरच येतो.

त्या नळीबद्दलही. आपल्याच लातूर-धाराशिव-बीडच्या उसाचं इथेनॉल आपल्या टाकीत यायलंय, त्याचा मला आनंदच आहे. पण जुनं साधं रबर ते सोसत नाही. फुगतं, मऊ पडतं, आतून पापुद्रे सुटतात. दुकानदार "पेट्रोल पाइप" म्हणून जे गुंडाळं काढतो त्यावर काय छापलंय ते वाचून घ्या.

टूलरूम_वाळूज
ताईंनी नेमकं सांगितलं. नळीवर एसएई जे३० आर७ छापलेलं असेल तर ती कार्बोरेटरची. इंजेक्शनला आर९ लागते. टाकीच्या आत बुडून राहणारा छोटा तुकडा आर१० हवा, कारण त्याला आतून-बाहेरून दोन्हीकडून पेट्रोल लागतं. आर९ चं बाहेरचं आवरण पेट्रोलात बुडवून ठेवण्यासाठी नसतं. टाकीतला तुकडा चुकीचा असेल तर तो आतल्या आत फाटतो, बाहेर काहीच गळत नाही, फक्त दाब पडतो, अन् माणूस पंप बदलत बसतो.

मधला सगळा प्रवास ८ मिमी स्टीलच्या नळीनं करा, रबर फक्त दोन टोकांना. स्टीलच्या टोकाला उंचवटा काढून घ्या, नुसत्या गुळगुळीत टोकावर रबर चढवलं तर ते ३ बारला निसटतं. जुबली क्लिपच्या (स्क्रूनं आवळायच्या पट्टीच्या) फटीत रबर कापलं जातं, गोल काठाची इंजेक्शनची क्लिप घ्या. फिल्टर पंपाच्या आधी जाड, ७०-१०० मायक्रॉन, मॉड्यूलची जाळी तेच काम करते. बारीक १० मायक्रॉनचा पंपाच्या पुढं. उलटं लावलं तर पंप उपाशी राहून करपतो.

मेस्त्री_लातूर
वाटीसकट मॉड्यूल मिळत असेल तर टाकीतला पंप मलाही पटला. झाकणावर हात पोचायला पाहिजे, एवढी माझी अट.

पण टाकी कापायचं मी सांगतो ते ऐका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. पेट्रोल ओतून टाकलं तरी पत्र्याच्या घडीत वाफ राहती, ग्राइंडरची एक ठिणगी पुरे. टाकी उतरवा, साबणाच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा, तोंड उघडं ठेवून वाळवा. मग पाण्यानं जवळपास काठोकाठ भरा, कापायची जागा तेवढी वर ठेवा, अन् हातानं फिरवायच्या होल-सॉनं कापा. ग्राइंडर नको, गॅस कटर तर बिलकुल नको. वेल्डिंग जमेल तेवढं टाळा. झाकणाची रिंग आतून बोल्ट, बाहेरून इथेनॉलला टिकणारं गॅस्केट, असं बसवता येतं.

आत गंज दिसला तर तो इथेनॉल सगळा सोडवणार. पहिल्या दोन-तीन टाक्या फिल्टरवर नजर ठेवा, एक जादाचा डिकीत. अन् गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा शिरती, इथेनॉल पाणी ओढतं, ते पाणी तळाला जाऊन बसतं. आता पंप पण तळालाच हाय.

नांदेडकर_कॉन्टेसा
एक राहिलं. रेग्युलेटर कुठं? टाकीतच ठेवून एकच नळी पुढं न्यायची, की थ्रॉटल बॉडीजवळ ठेवून परतीची नळी मागं आणायची? पहिल्यात टाकी तापत नाही.

टूलरूम_वाळूज
चांगला प्रश्न, अन् पुस्तकी उत्तर इथं आपल्याकडं लागू पडत नाही. नव्या गाड्यांत एकच नळी असते, त्यात टाकी थंड राहते हे खरं. पण तुमची थ्रॉटल बॉडी थेट इंजिनच्या डोक्यावर बसली आहे. दुपारी गाडी थांबवून जेवायला गेलात, बोनेटखालची धग वर चढली, इंजेक्टरजवळ वाफ झाली. एकच नळी असेल तर ती वाफ इंजेक्टरमधूनच बाहेर काढावी लागते, सेल्फ मारत बसायचं. परतीची नळी असेल तर चावी फिरवल्यावरच्या दोन सेकंदांत ताजं पेट्रोल येतं अन् वाफ मागं टाकीत निघून जाते. पंप लहान निवडलाय, त्यामुळं परतीचं पेट्रोल टाकी फार तापवणार नाही. म्हणून या गाडीला परतीची नळी. फक्त परतीचं तोंड मॉड्यूलच्या वाटीत सोडा, म्हणजे घाटात वाटी भरलेली राहील.

मॉड्यूल घेताना उघडून बघा, काहींत रेग्युलेटर पंपालाच जोडलेला येतो. तसा असेल तर तो काढून ती वाट बंद करावी लागेल.

पद्मिनी_जालना
ठरलं तर मग. ऑल्टोचं मॉड्यूल टाकीत, रेग्युलेटर पुढं, ८ मिमीच्या दोन स्टील नळ्या, वेगळं भांडं रद्द. गाडीत अल्टरनेटर आधीच आहे, रिले अन् इनर्शिया स्विच परभणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं. ताई, कार्बोरेटर अन् एसी पंप तेल लावून बांधून ठेवलेत, मूळ टाकी न कापता भंगारातून दुसरी आणून तिच्यावर काम करतो. आरटीओत अर्ज सोमवारी.

टूलरूम दादा, एकच शंका. मॉड्यूलच्या फ्लोटवर (पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या भागावर) पद्मिनीचा पेट्रोलचा काटा चालंल का?

टूलरूम_वाळूज
नाही, दोन्हींचा रोध वेगळा, काटा खोटं दाखवेल. पाव टाकीला काट्याचा भरवसा नसलेली गाडी उन्हाळ्यात घाटात नेऊ नका. मूळ फ्लोट त्याच्या मूळ भोकात राहू द्या, मॉड्यूलचा फ्लोट काढून टाका. भोक कापायच्या आधी दोन मापं कळवा: झाकणाच्या जागेपासून तळापर्यंतची खोली, अन् मूळ फ्लोटचा दांडा आत कुठवर फिरतो. तो वाटीला घासला तर भोक चार बोटं सरकवावं लागेल.

पद्मिनी_जालना
उद्या टाकी उतरवून दोन्ही मापं फोटोसकट टाकतो.